आधी ओढा की आधी माथा? माणमधल्या पाणलोट आखणीवरून

शिवारफेरी:
माण तालुक्यातल्या एका गावच्या पाणी गटाची आखणी दोन दिवस सगळीकडे फिरतेय. तीन किलोमीटर ओढा १० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल केला की गाव टँकरमुक्त होईल, आणि डोंगरावरचे चर म्हणजे फोटोपुरतं श्रमदान, असं त्यात लिहिलंय. वाचून राहवलं नाही.

तीन किलोमीटर गुणिले १० गुणिले ३ म्हणजे ९०,००० घनमीटर. हे माप उपसलेल्या मुरमाचं झालं, साठलेल्या पाण्याचं नाही. आपल्याकडच्या ओढ्याला वरच्या अंगाला १ टक्का उतार सहज असतो. म्हणजे तीन किलोमीटरमध्ये तळ ३० मीटर खाली जातो. सलग चर मारला तर पाणी थांबणार कुठे? दर २०० मीटरला १५ मीटरचा आडवा पट्टा न खोदता सोडावा लागतो, आणि पाणी त्यावरून उतरताना तो खचू नये म्हणून खालच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करावं लागतं. एवढं करूनही दोन पट्ट्यांमधल्या प्रत्येक डोहात खालच्या टोकाला ३ मीटर आणि वरच्या टोकाला १ मीटर पाणी राहतं. सरासरी २. पट्टे वजा केले की ९०,००० चे ५५,००० होतात.

आता डोंगरमाथा. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खोदलेले चर, ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, दोन ओळींत १० मीटर अंतर. हेक्टरी १,००० मीटर चर, १८० घनमीटर पाणी. म्हणजे हेक्टरवरून वाहून जाणारं १८ मिलिमीटर पाणी एका दमात जागेवर थांबतं. २०० हेक्टर माथ्याचे ३६,००० घनमीटर होतात, आणि हंगामात चर पाच वेळा भरले तर १ लाख ८० हजार. शिवाय माथा उघडा ठेवून ओढा खोदला तर पहिल्याच वळवाची माती डोहात येते. त्यातली बारीक चिकणमाती तळाला लिंपण घालते, मग पाणी दिसतं पण मुरत नाही. माथा ते पायथा हा क्रम त्यासाठी आहे.

ओढाकाठ:
आखणी आमच्या गटाची आहे, आणि तुम्ही हिशेब अर्धाच मांडलात. ३६,००० घनमीटर चर खोदणार कोण? मुरमाड माळावर टिकाव-फावड्याने एका माणसाचं दिवसाचं काम एक घनमीटर धरा. म्हणजे ३६,००० मनुष्यदिवस. उन्हाळ्यात ४५ दिवस, रोज २०० माणसं आली, तर ९,००० होतात. त्यात श्रमदानाला लोक सकाळचे तीन तास येतात, पूर्ण दिवस नाही. २०० हेक्टर सोडा, २० हेक्टर झाले तरी पुष्कळ. उलट पोकलेन तासाला ६० घनमीटर काढतं. १,५०० तासांत ओढा पुरा, डिझेल साधारण २२ हजार लिटर. पाऊस पडल्या दिवशीच ओढा पाणी दाखवतो, आणि पाणी दिसलं की लोक पुढच्या वर्षी वर्गणी देतात.

शिवाय डोहही हंगामात एकदाच भरत नाहीत. चरांना पाच वेळा गुणलंत, डोहांना एकदाच. हा कुठला न्याय?

मुरूम_पाषाण:
ओढाकाठ यांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, दोन्हीकडे एकच फूटपट्टी लावा. पण खरा प्रश्न दोघांनीही सोडला. त्या ओढ्याखाली आहे काय?

बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या लाव्हा खडकात, पाणी धरतो तो झिजलेला मुरूम, सांधे पडलेला खडक आणि मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक. अखंड काळा पाषाण पाणी घेत नाही. मुरूम दोन मीटरच असेल तर तिसरा मीटर पाषाणात जातो आणि पोकलेनला ब्रेकर लावून तुम्ही फक्त हौद बांधता. त्याहून वाईट म्हणजे, काठच्या विहिरींची पाणीपातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेल तर खोल केलेला ओढा पाणी मुरवत नाही, उलट विहिरींचं पाणी ओढून घेऊन खाली वाहवतो. दिवाळीत ओढा वाहताना बघून गाव खूश, फेब्रुवारीत काठच्या विहिरी तळाला.

आधी हे करा. दोन्ही काठांना २०० मीटरच्या आतल्या सगळ्या विहिरींची पातळी टेपने मोजा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळाच मोजते. विहिरीचा काठ आणि ओढ्याचा तळ डंपी लेव्हलने (उंची-पातळी मोजायच्या दुर्बिणीने) एकाच खुणेपासून मोजा. विहिरीच्या भिंतीत मुरूम कुठे संपतो, गेरूचा लाल थर (दोन लाव्हा थरांमधली लाल माती) कुठे आहे ते उतरून बघा. विहीर ही गावाला फुकट मिळालेली बोअरची नोंद आहे. मग ठरवा कुठला तुकडा खोदायचा.

आणि ओढ्यातली वाळू काढू नका. ती स्वतःच साठा आहे, गाळणीही आहे.

माळरान:
सगळे माथ्याबद्दल बोलताय, माथ्यावर चरतंय कोण ते कुणी बोलेना. चर मारले की लगेच चराईबंदी येते. राळेगणच्या पंचसूत्रीत चराईबंदी, हिवरे बाजारात चराईबंदी, म्हणून इथंपण चराईबंदी. ज्याला चार एकर बागायत आहे त्याच्या ओढ्याला पाणी वाढणार, आणि ज्याच्याकडं फक्त मेंढरं हायत त्यानं माथा सोडायचा. गवत कापून न्या म्हणता. गाय बांधून खाते, शेरडं-मेंढरं झुडपाचा पाला खुडत फिरत्यात. नुसत्या कापून आणलेल्या गवतावर कळपाचं भागत न्हाई.

शिवारफेरी:
बंदी कायमची नसते. दोन पावसाळे गवत धरलं की मग सोडतात.

माळरान:
दोन पावसाळे कळपानं काय खायचं? हे लिहिलंय का कुठल्या आखणीत?

हिशेबवही:
लिहिता येतं. माथ्याचे तीन तुकडे करा, एका वेळी एकच बंद. त्या तुकड्यात चराच्या भरावावर पहिल्या पावसाआधी स्टायलो (चाऱ्याचं शेंगवर्गीय झुडूप) आणि मारवेल गवत लावा. स्टायलोचं बी कडक कवचाचं असतं, गरम पाण्याची प्रक्रिया करून टाकलं तर जास्त चांगलं उगवतं. दोन वर्षांनी तो तुकडा उघडा, पुढचा बंद करा. माथा पुरा व्हायला सहा वर्षं लागतात, ४५ दिवस नाही. ज्या गावांनी एकदम बंदी केली आणि गुराख्यांना विचारलं नाही, तिथे भराव खुरांनीच मोडले.

पण इथे सगळे पाणी वाढवायच्या बाता मारताहेत, खर्चाचं पान कोरं आहे. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर. ४५० मिलिमीटर पाऊस, १,००० हेक्टर शिवार, म्हणजे ४५ लाख घनमीटर, आणि त्यातला मोठा भाग पिकं, गवत आणि ऊन घेऊन जातं. मग हेक्टरी २० हजार घनमीटर पिणारा ऊस ३० हेक्टर लावला की तुमचे ५५ हजारांचे डोह दहापेक्षा जास्त वेळा भरून रिकामे झाले. हिवरे बाजारने नुसते बांध घातले नाहीत, शेतीसाठी बोअर बंद केले आणि ऊस-केळीला नाही म्हटलं. तेवढंच सोडून बाकी सगळं उचललं जातं.

आणि शेततळी! प्लॅस्टिक अस्तराचं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, पोटात २,२०० घनमीटर. अस्तर आहे म्हणजे मुरणार शून्य. ते पावसाने नाही, बोअरने भरतात. जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं. जानेवारी ते मे पाऊण ते एक मीटर वाफ, म्हणजे ६०० ते ८०० घनमीटर हवेत.

डाळिंबबाग:
आता शेततळ्यावर आलात. एकरी ३०० झाडं, झाडाला दिवसाला ३५ लिटर ठिबकने, म्हणजे साडेदहा हजार लिटर. वाफ जाऊनही तुमच्याच आकड्याने १४-१५ लाख लिटर उरतं, एक एकर बाग १४० दिवस जगते. तळं नसेल तर एप्रिलमध्ये विहीर आटली की बाग तोडायची का? झाड उभं करायला तीन वर्षं जातात. नियम करणाऱ्यांनी आधी हे नुकसान कोण भरणार ते सांगावं.

हिशेबवही:
एका बागेचा हिशेब बरोबर आहे, गावाचा नाही. एका शिवारात अशी १०० तळी म्हणजे दोन लाख घनमीटर, दिवाळीनंतर दोन महिन्यांत उपसलेलं. खालच्या आळीची पिण्याची विहीर त्यानेच आटते. २००९ चा भूजल कायदा शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जाऊ नका म्हणतो. पाळतो कोण?

डाळिंबबाग:
मग बंदी सगळ्यांना घाला. ज्यांनी आधीच २०० मीटर बोअर मारलेत त्यांचं पाणी राहणार आणि नव्यांना नाही, हे चालणार नाही.

माळरान:
आणि ज्याच्याकडं जमीनच न्हाई त्याचं? पुरंदरला नायगावात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत केली तेव्हा पाणी माणसावर वाटलं. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनाला पण वाटा, ऊस बंद. पाण्याचा वाटा आधी ठरवा, मग मी स्वतः मेंढरं वळवायला येतो.

ओढाकाठ:
विषय भरकटला. मूळ प्रश्नाला उत्तर द्या. मशिन ठरलंय, डिझेलची वर्गणी जमलीय. परत करायची का?

मुरूम_पाषाण:
परत करू नका, जागा बदला. वरच्या घळींना अनगड, म्हणजे न घडवलेल्या दगडांचे बांध घाला, उंची एक मीटरच्या आत, मध्यभाग काठांपेक्षा ३० सेंटिमीटर खाली, दोन्ही बाजू काठात अर्धा मीटर घुसवलेल्या. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याला यायला हवा. बहुतेक जण मध्यभाग उंच ठेवतात, मग पाणी बाजूने काठ कापून जातं. हे काम श्रमदानात होतं. मशिन माती नालाबांधांना, म्हणजे नाल्यावरच्या मातीच्या बांधांना द्या. त्यांचा सांडवा (जादा पाण्याची वाट) कठीण मुरमात घ्या, भरावावर नाही. ओढ्यात फक्त तेच तुकडे खोदा जिथे विहिरींची पातळी तळापेक्षा खाली आहे आणि मुरूम जाड आहे. काढलेला मुरूम काठापासून तीन मीटर लांब टाका, नाहीतर पहिल्या पुरात परत आत.

ओढाकाठ:
विहिरींची मापं चार महिन्यांची मागताय, पाऊस दोन महिन्यांवर आलाय.

मुरूम_पाषाण:
यंदा निदान मेचं माप घ्या. मेमध्येही पाणी तळाच्या वर असेल तर तो तुकडा हात न लावता सोडा, एवढं तरी नक्की कळतं. खाली असेल तर मात्र ऑक्टोबरच्या मापाशिवाय शब्द देऊ नका.

ओढाकाठ:
बरं. खोदाई तीन किलोमीटरवरून ६०० मीटरवर आणतो, पट्टे सोडून. मेची मापं आल्याशिवाय मशिन ओढ्यात उतरणार नाही. पण माथ्यावर २०० हेक्टर चर हे मला अजून पटलेलं नाही, ते २० हेक्टर म्हणून लिहा.

शिवारफेरी:
२० मान्य. पण घळींच्या डोक्यावरचे २०, रस्त्याकडेचे नाहीत.

माळरान:
त्या २० हेक्टरातूनच तळ्यावर जायची मेंढरांची वाट हाय. चर मारताना चार मीटरची वाट सोडा, तिथं चर तोडा. आणि पहिला तुकडा कुठला बंद ते गुराख्यांसमोर ठरवा, चावडीवर, संध्याकाळी. दुपारी आम्ही माळावर असतो.