शाळूचं घरचं बी चालतं, मग हायब्रीडचं का नाही?

अथणीकडच्या मित्रांनी विचारलंय की मालदांडी शाळूचं घरचं बी वर्षानुवर्षं चालतं, मग हायब्रीड ज्वारीचं का फसतं?

मालदांडी हे सरळ वाण, म्हणजे संकर न केलेलं. ज्वारीत परपरागण (दुसऱ्या झाडाच्या परागाने फळणं) साधारण 5 ते 15 टक्केच, म्हणून गुण टिकतात. हायब्रीडचं मादी झाड मात्र नर-नपुंसक, म्हणजे स्वतःचा कामाचा पराग नसलेलं असतं, आणि तो दोष पेशीद्रव्यातून आईकडून पुढे जातो. पहिल्या पिढीत बापाकडचं एक जनुक तो झाकतं, म्हणून कणीस भरतं. तेच दाणे पेरले की हे जनुक सगळ्या झाडांत जात नाही, आणि चारात एक झाड पुन्हा वांझ. असं कणीस हातात घेतलं तर पोकळ लागतं. शेजारून पराग आला तरच थोडे दाणे. फलन न झालेल्या फुलांतच अरगट हा बुरशीचा रोग शिरतो आणि मधासारखे चिकट थेंब गळतात. हायब्रीड मक्याचं घरचं बी पेरलं तर वांझपणाचा प्रश्न नसला तरी संकरामुळे आलेला जोम निम्म्यावर येतो, उंची तर एकसारखी राहतच नाही.

मालदांडीचं बी धरताना बांधाकडची कणसं सोडा, तिथे शेजारचा पराग येतो. कणीस पूर्ण निसवल्यावर, फुलायच्या आधी खाकी पिशवी बांधा. फुलोरा शेंड्याकडून खाली येतो. शेंडा फुललाच असेल तर तेवढा छाटा. 10-12 दिवसांनी पिशवी काढाच, नाहीतर आत बुरशी आणि अळी माजते.