‘मूकबधिर’, ‘कर्णबधिर’, ‘बहिरा’ आणि ‘खूण’

विचारणा: शाळेच्या स्मरणिकेत आम्ही ‘मूकबधिर विद्यार्थी’ असे लिहिले होते. एका पालकांनी हरकत घेऊन ‘कर्णबधिर’ हा शब्द सुचवला. ‘बधिर’ म्हणजेच बहिरा असेल, तर ‘कर्ण’ची द्विरुक्ती कशासाठी? आणि ‘मूक’ गाळल्याने अर्थ अपुरा राहत नाही का?

उत्तर: पालकांची हरकत रास्त आहे. बहिऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा कंठ आणि जीभ निर्दोष असते. बोलणे कानावर पडत नाही म्हणून ते आपसूक उचलले जात नाही, एवढेच. आमच्या इमारतीत नऊ वर्षांची एक मुलगी आहे, जन्मतः बहिरी. जिन्याच्या तळाशी उभी राहून ती मोठ्या भावाला हाक मारते. ‘दादा’मधला ‘द’ त्या हाकेत नसतो, नुसता लांबवलेला ‘आ’ असतो. पण दुसऱ्या मजल्यावरचा दादा ती नेमकी ओळखून कठड्याशी येतो आणि पुढचे सारे बोलणे हातांनी होते. तिच्या दप्तराला लटकणाऱ्या ओळखपत्रावर मात्र ‘मूकबधिर’ असे छापलेले आहे.

शिवाय ‘मुका’ म्हटले की मराठी मनात ‘मुकी जनावरे’ येतात, म्हणजे ज्यांना काही सांगायचेच नाही अशी कल्पना त्या शब्दाबरोबर चिकटून येते. कायद्यानेही हे दोन मुद्दे वेगळे ठेवले आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात श्रवणदोष हा एक प्रकार आहे (दोन्ही कानांत ७० डेसिबल वा अधिक श्रवणऱ्हास असल्यास ती व्यक्ती बहिरी) आणि वाचा व भाषा यांचा दोष हा दुसरा, स्वतंत्र प्रकार आहे. दोहोंना जोडून एक शब्द करण्यास आता आधार उरलेला नाही.

‘कर्ण’चे कारण मराठीतच सापडते. संस्कृत ‘बधिर’ प्राकृतात ‘बहिर’ झाला आणि आपल्याकडे ‘बहिरा’ म्हणून आला. (बहिरोबाचा याच्याशी संबंध नाही; तो भैरवापासून आला.) पुढे तत्सम ‘बधिर’ही मराठीत वापरात राहिला, पण त्याचा अर्थ पसरला: दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करतात, दुःखाने मन बधिर होते. नुसते ‘बधिर मूल’ म्हटले तर संवेदनाशून्य मूल असा भास होतो, म्हणून ‘कर्ण’ जोडणे मराठीत खरोखर गरजेचे ठरले. ‘श्रवणबाधित’ मला तितकासा पसंत नाही. ‘कोरोनाबाधित’ मध्ये जी बाधा आहे तीच तेथेही आहे, आणि जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला आपल्याला काही बाधले आहे असे वाटत नसते. औपचारिक लेखनात ‘कर्णबधिर’ आणि एरवी साधा, सरळ ‘बहिरा’ लिहावा. ‘बहिरा आहेस का?’ असे आपण रागाने विचारतो, तो दोष विचारणाऱ्याचा, शब्दाचा नाही.

पुन्हा विचारणा: सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. त्याच स्मरणिकेत ‘ही मुले हातवाऱ्यांनी बोलतात’ असे वाक्य आहे. तेथे ‘सांकेतिक भाषा’ लिहावे काय?

उत्तर: ‘हातवारे’ अवश्य काढावे. हातवारे आपण फोनवर बोलतानाही करतो. त्यांना व्याकरण नसते. भारतीय सांकेतिक भाषेला ते आहे. ‘देणे’ ही क्रिया करताना हात देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो, त्यामुळे ‘मी तुला’ आणि ‘तू मला’ हा भेद दिशेनेच कळतो. प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते. होय-नाही असे उत्तर हवे असेल तर भुवया वर जातात. ही भाषा मराठीची किंवा हिंदीची हस्तप्रत नव्हे.

आणि नेमकी येथेच ‘सांकेतिक’ या शब्दाची अडचण होते. सांकेतिक लिपी, सांकेतिक शब्द यांत काहीतरी लपवलेले असते आणि ते उलगडले की खरी भाषा हाती येते. या गैरसमजाची किंमत मुलांनी मोजली आहे. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांपेक्षा तोंडी बोलणे श्रेष्ठ ठरवले, आणि त्यानंतर अनेक देशांत मुलांना ओठ वाचायला बसवले गेले. ‘पार’, ‘बार’, ‘मार’ हे शब्द आवाज न काढता आरशासमोर म्हणून पाहावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. पहिली काही वर्षे अशा अंदाजात गेली, तर मूल बोलण्यातही मागे पडते आणि विचार मांडायला लागणाऱ्या भाषेलाही मुकते. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणसाधन) असले तरी खुणा शिकवण्यात काही बिघडत नाही.

सरकारी नाव ‘भारतीय सांकेतिक भाषा’ असे रूढ आहे. २०१५ मध्ये दिल्लीत तिच्यासाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिचा उल्लेख आहे. त्यामुळे भाषेचे नाव म्हणून तेच लिहावे. परंतु वाक्यात ‘खूण’, ‘खुणा’, ‘खुणांनी बोलणे’ असे शब्द मोकळेपणी वापरावेत. ‘खूण’ हा शब्द घरातला आहे आणि त्याला समासही सहज जमतात. बहिऱ्या मंडळींत प्रत्येकाला एक खुणेचे नाव मिळते, ते कागदावरच्या नावाचे भाषांतर नसते. त्यासाठी मी ‘खूणनाव’ हा शब्द सुचवतो. इमारतीतल्या त्या मुलीचे खूणनाव म्हणजे गालावरच्या खळीत टेकवलेले बोट. ते तिला शाळेतल्या मोठ्या मुलींनी दिले. स्मरणिकेत विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांखाली नाव असेलच. जागा असल्यास त्याच्या शेजारी खूणनावही दोन शब्दांत लिहावे, आणि ते कसे लिहायचे हे त्या मुलांनाच विचारावे.