राजकीय चित्रांकडे वळायचं कसं? निमित्त : एस्टर हर्नांडेझ यांचं 'सन मॅड'

शाईचे_डाग

नमस्कार मंडळी,

मुंबईत प्रिंटमेकिंग शिकते, शेवटचं वर्ष. लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक चाळताना कॅलिफोर्नियातल्या एस्टर हर्नांडेझ या चिकाना (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन) बाईंचं 'सन मॅड' दिसलं आणि तिथेच अडकले. 'सन-मेड' नावाच्या तिकडच्या प्रसिद्ध बेदाण्यांच्या खोक्यावर लाल टोपडं घातलेली, द्राक्षांची परडी धरलेली हसरी मुलगी असते. बाईंनी इंग्रजी नावातलं (Sun-Maid) एक अक्षर गाळलं आणि मुलीच्या जागी सांगाडा उभा केला. टोपडं तेच, परडी तीच, मागचा पिवळा सूर्यही तोच. खाली लिहिलंय की ही द्राक्षं कीटकनाशकं, तणनाशकं, बुरशीनाशकं घालून पिकवली आहेत. १९८२ चं स्क्रीनप्रिंट, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेलं.

माझी आतापर्यंतची कामं म्हणजे चाळीचे जिने, लोकलच्या खिडक्या आणि दोन-तीन मांजरं. एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापणं) बरं जमतं. पण हे पाहिल्यापासून मांजरांत मन लागेना. वर्गात विषय काढला तर एक सर म्हणाले, "पोस्टर म्हणजे जाहिरात, चित्र नव्हे." घरी (डोंबिवली, वन रूम किचन) बाबांचं पालुपद, आधी नोकरीचं बघ.

तर प्रश्न असा, की या बाई तिथवर पोचल्या कशा? आधी चळवळ की आधी चित्रकला? मी एखाद्या संघटनेत जाऊन बसू का? ओळखीचं तर कुणी नाही. आणि एचिंग प्रेस घरी ठेवणं या जन्मात शक्य नाही. जाणकारांनी लिहावं, प्लीज.

चहात_खारी

वाचतोय. मांजरं सोडू नका मात्र.

फ्रेम_आणि_स्क्वीजी

माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

लालबागला माझा स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा कारखाना आहे. लग्नपत्रिका, गोविंदा पथकांचे टी-शर्ट, कापडी पिशव्या. चित्रकार वगैरे नाही मी. पण माहेर तासगावकडचं. भावाची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. त्यामुळे हे चित्र पाहिलं तेव्हापासून या बाईंबद्दल मिळेल ते वाचत आले.

ती १९४४ ची, दिनूबा गावची. सॅन होकिन खोरं, म्हणजे मैलोन्‌मैल द्राक्षं आणि फळबागा. आईबाप शेतमजूर, मेक्सिकन आणि याकी वंशाचे. आईच्या हातात भरतकाम, आजोबा सुतार, फावल्या वेळात देवांच्या मूर्ती करायचे, वडिलांना फोटोग्राफीचा नाद. कला घरातच होती आणि मजुरीही. सप्टेंबर १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला. आधी लॅरी इटलिआँग यांच्यासोबतचे फिलिपिनो मजूर उतरले, आठवड्याभरात सेझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्ता यांची शेतमजूर संघटना आली. पुढच्या वर्षी डेलानोहून सॅक्रामेंटोला पायी मोर्चा निघाला, तो याच खोऱ्यातून. देशभर लोकांनी द्राक्षं घेणं सोडलं आणि १९७० मध्ये मळेवाले करारावर सह्या करायला बसले. हे सगळं चाललं होतं तेव्हा ही विशीतली पोरगी. तेव्हा 'आधी चळवळ की आधी चित्र' हे तिला विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच अंगणात होतं.

पुढे ती सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला आली, बर्कलीला शिकली, १९७६ मध्ये पदवी. त्या भागात तेव्हा मलाक्वियास मोंतोया यांच्यासारखे लोक धडाधड पोस्टरं छापत होते. मिशन भागात 'मुहेरेस मुरालिस्तास' हा फक्त बायकांचा गट भिंती रंगवत होता, त्यांच्याबरोबरही तिने काम केलं. १९७५ चं तिचं एक काम शोधून बघ : ग्वादलूपेची माता, तिकडची घराघरातली देवी, कराटेच्या पोशाखात लाथ उगारून उभी. (आपल्या भवानीला ही अडचण नाही, ती आधीपासूनच शस्त्र घेऊन आहे.) आणि ते एचिंग आहे, तुला जमतं तेच. सरांना दाखव.

आता 'सन मॅड'. सत्तरचं दशक सरता सरता तिला कळलं की गावाकडच्या पाण्यात कीटकनाशकं उतरलीत. घरच्यांनी वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं, त्यानेच अंघोळी केल्या. त्या खोऱ्यात डीबीसीपी नावाचं औषध सर्रास वापरलं जायचं, मुळांवरच्या सूत्रकृमींसाठी. ते जिथे तयार व्हायचं त्या लेथ्रॉपच्या कारखान्यातल्या पुरुषांना मुलं होईनात, हे १९७७ मध्ये उघड झालं आणि कॅलिफोर्नियाने ते बंद केलं. पण जमिनीत मुरलेलं कुठे जातंय? विहिरींत सापडतच राहिलं.

इथे तिचं डोकं बघ. आजारी मजुराचं चित्र तिला काढता आलं असतं. लोकांनी "अरेरे" म्हटलं असतं आणि पान उलटलं असतं. तिने खोकं घेतलं. ती टोपडेवाली मुलगी १९१६ पासून खोक्यावर आहे, लोरेन कॉलेट नावाच्या खऱ्या मुलीवरून काढलेली. सहासष्ट वर्षं जाहिरातीने लोकांच्या डोळ्यांत जे भरलं, ते हिने एका कागदात उलटं फिरवलं. चित्र जवळून पाहा : सपाट रंग, ठसठशीत कडा, सूर्याचे किरण पट्टीने आखल्यासारखे, अक्षरांची वळणं खोक्यावरची. टोपड्याच्या झालरीला एकही चुणी जास्तीची नाही. कवटीसाठी तिला लांब जावं लागलं नसणार. मेक्सिकोत होसे ग्वादालूपे पोसादा या छापचित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सांगाड्यांना टोप्या घालून छापलं होतं. रोज लग्नपत्रिका छापणाऱ्या मला त्यात कारागिरी दिसते. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, आणि एकही रंग दुसऱ्यावर सरकलेला नाही.

आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आलं की डावणी रोगाच्या धास्तीने रात्रीसुद्धा ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडतात. पाठीवरच्या पंपाच्या काळात वडील फवारून आले की सदरा गोठ्यातच काढायचे आणि आई तो वेगळा धुवायची, पण पाटाच्या त्याच पाण्यात. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना माणसं गेली, तेव्हा भावाला फोन करून मास्कचं विचारलं. म्हणाला, "अक्का, उन्हात मास्क लावून दोन एकर मारून बघ तू." मला यावर चित्र काढता येत नाही. तुझ्यासारखीला येईल.

म्हणून संघटनेत 'जाऊन बसू' नकोस. तुझ्या घरात, दारात काय येतं ते बघ. तू डोंबिवलीची ना? मग विषय शोधायला कॅलिफोर्निया कशाला? काम करायला लागलीस की त्या विषयावर आधीपासून झगडणारी माणसं भेटतातच. त्यांना फलक हवे असतात आणि फुकट काढून देणारं कुणी नसतं.

प्रेसचं म्हणशील तर गरजच नाही. लाकडी फ्रेम, ताणून बसवलेली जाळी, उजेडाने घट्ट होणारं इमल्शन, शाई ओढायला एक स्क्वीजी. जाळीला इमल्शनचं कोटिंग रात्री अंधाऱ्या बाथरूममध्ये, वर चित्राची फिल्म ठेवून एक्स्पोज गच्चीवरच्या उन्हात, धुणं पुन्हा बाथरूममध्ये. फ्रेम पलंगाखाली जाते. शाई पाण्याची घे. कीटकनाशकाविरुद्ध पोस्टर छापताना थिनर हुंगण्यात काही शहाणपण नाही.

गिरगावचा_मास्तर

ताईंचा प्रतिसाद उत्तम. तरी थोडं खुसपट काढतोच, चाळीस वर्षं ड्रॉइंग शिकवल्याची खोड.

एक तर, परंपरा शोधायला समुद्र ओलांडायची गरज नाही. चित्रकार चित्तप्रसाद आपल्या अंधेरीत वर्षानुवर्षं राहिले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर पायी हिंडून त्यांनी जी रेखाटनं केली, त्यांची पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून जाळली. इथे आल्यावर लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेले ठसे) करत राहिले. राबणाऱ्या लहान मुलांवरची त्यांची मालिका प्रत्येक प्रिंटमेकिंगवाल्याने पाहिलीच पाहिजे. मेक्सिकोत १९३७ मध्ये लिओपोल्दो मेन्देस आणि मंडळींनी 'तायेर दे ग्राफिका पॉप्युलार' नावाची छापचित्रांची कार्यशाळा काढली, तेही लिनोवरच. लिनो स्वस्त, हाताने घासून ठसा निघतो. पोस्टर चित्र नव्हे म्हणणाऱ्या सरांना हे सगळं ठाऊक असणार, उगाच पोरांना तापवतात.

दुसरं जरा कडू. 'सन मॅड' आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. लोक कौतुकाने बघतात, पुढच्या दालनात जातात. मजुराच्या पदरात काय पडलं? चळवळीचं चित्र म्युझियमच्या काचेआड गेलं की त्याचं शोभेचं होतं, असं माझं मत आहे. पटत नसेल तर सोडून द्या.

फ्रेम_आणि_स्क्वीजी

मास्तर, चित्तप्रसादांबद्दल दंडवत. दुसरं मात्र पटलं नाही.

२००८ मध्ये त्याच बाईंनी तेच खोकं पुन्हा काढलं, 'सन रेड'. या वेळी सांगाड्याच्या अंगात मेक्सिकोतल्या आदिवासी बायकांचा झगा आणि मनगटावर इमिग्रेशनवाल्यांचा पाळत ठेवायचा पट्टा. म्हणजे पाण्यावरून गाडी मजुरांच्या हद्दपारीवर आली. जुनं चित्र काचेआड असल्यामुळेच नवं लगेच कळलं ना लोकांना?

आणि आमच्या घरचं सांगते. 'सन मॅड' ज्या वर्षीचं, त्याच वर्षी १८ जानेवारीला इथे गिरण्यांचा संप सुरू झाला. सासरे साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांच्या ट्रंकेत त्या वेळचं एक पत्रक निघालं, लाल आणि काळ्यात, स्क्रीनवरच छापलेलं. मूठ आवळलेल्या हाताची बोटं इतकी झकास काढलीत, आणि एका कडेला शाई फाकलेली, म्हणजे जाळी सैल होती. कुणी काढलं, कुठे छापलं, काही पत्ता नाही. सासरे गेले, विचारणार कुणाला? कुणा म्युझियमने तेव्हा उचललं असतं तर नाव तरी राहिलं असतं.

सातबारा

मधेच एक कोरडी सूचना. शहरात भिंतीवर, खांबावर विनापरवाना काही चिकटवण्याविरुद्ध १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा राज्य कायदा आहे. कैद, दंड दोन्ही होऊ शकतं. हातात देणं, सभेत धरणं, स्वतःच्या खिडकीत लावणं बरं. निवडणुकीच्या संदर्भातलं पत्रक असेल तर त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता सक्तीचा. आणि एखाद्या कंपनीचं चिन्ह जसंच्या तसं उचलण्याआधी वकिलाला विचारा.

शाईचे_डाग

सगळ्यांचे खूप आभार! मास्तर, लिनो कापायला काढला आजच.

ताई, तुमचं 'दारात काय येतं ते बघ' वाचलं आणि रविवारच्या पेपरातून नेहमीसारखी फ्लॅटची चकचकीत पत्रकं पडली. हिरवे डोंगर, फुगा धरलेला मुलगा, निळंशार आभाळ, 'निसर्गाच्या कुशीत'. आमच्याकडे औद्योगिक भागात २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला, २०२४ च्या मे महिन्यात परत. २०२० मध्ये एक रस्ता चक्क गुलाबी झाला होता. काही रात्री वासाने खिडक्या बंद कराव्या लागतात. तर पत्रकाची मांडणी तीच ठेवायची, अक्षरं तशीच गुळगुळीत, फुगाही तसाच, फक्त आभाळ आणि रस्ता आमच्याकडचा. कुठल्या बिल्डरचं नाव नाही, सगळी पत्रकं सारखीच दिसतात म्हणा. बाबांना कच्चं चित्र दाखवलं. नोकरीचं काही बोलले नाहीत, डोंगर जास्त हिरवे कर म्हणाले.

अडचण रंगांची. सहा होतायत. सहा फ्रेम परवडणार नाहीत.

फ्रेम_आणि_स्क्वीजी

बाबांचं बरोबर आहे, डोंगर हिरवेच हवेत.

सहाचे तीन कर. पिवळा आधी, त्यावर पारदर्शक निळा चढव, जिथे दोन्ही पडतील तिथे हिरवा आपोआप मिळेल. रस्त्याचा गुलाबी तिसरा, तो फुग्यालाही वापर. कागदाचा पांढरा फुकट आहे. काळा टाळ, अक्षरं निळ्यातच बसव. फ्रेमसुद्धा एकच पुरेल : पहिला रंग छापून झाला की जाळी रिक्लेम करायची, म्हणजे धुऊन मोकळी करायची आणि दुसरा एक्स्पोज करायचा. वेळ जाईल, पैसे वाचतील. रजिस्ट्रेशनसाठी, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसायला, टेबलावर पुठ्ठ्याचे दोन कोपरे चिकटव आणि कागद दरवेळी त्यांनाच टेकव. फिल्म काढायच्या आधी मला मेसेजमध्ये फाइल पाठव. बारीक अक्षरं जाळीत बसतील का, बघून सांगते.