माझ्या चित्रांचे एनएफटी दुसऱ्यानेच विकले, आता घेणारा म्हणतो चित्रं माझी

मिरजेची_रेषा:
नमस्कार मंडळी. मी आयपॅडवर चित्रं काढते, बहुतेक वारीची. पंढरपूर रस्त्यावरच्या एका हॉटेलमालकाने भिंतीवर मोठे प्रिंट लावायला माझ्याकडून चार चित्रं घेतली. तीन माझी आधीचीच, इन्स्टावर टाकलेली: दिवेघाट, वाखरीचं रिंगण आणि डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी. चौथं, हॉटेलपुढून जाणारी दिंडी, त्यांनी सांगितलं म्हणून काढलं. पैसे यूपीआयने आले, बोलणं सगळं व्हॉट्सॲपवर. प्रिंट फुटू नये म्हणून फुल साइज फायली दिल्या.

आता कळतंय की त्यांच्या भाच्याने चारही चित्रांचे एनएफटी, म्हणजे चित्रांच्या नावाने विकली जाणारी डिजिटल टोकनं, करून विकले. घेणारा परदेशातला. त्याचा मेसेज आला: टोकन माझ्या वॉलेटमध्ये आहे, म्हणजे चित्रं माझी, इन्स्टावरून हटवा. ती तुळशीवाली माझ्या आजीच्या चेहऱ्यावरून काढलीय हो! ती मी का हटवायची? कायद्याने त्याचं खरं आहे का?

पेठेतला_वकील:
ताई, आधी एक करा, इन्स्टावरचं काहीही हटवू नका.

टोकन म्हणजे ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक डिजिटल वहीतली, एक नोंद. क्रमांक, तो कुठल्या वॉलेटकडे आहे ते, आणि चित्राच्या फाइलकडे नेणारी लिंक. चित्र बहुतेक वेळा तिथे नसतंच. कॉपीराइट त्या नोंदीच्या मागोमाग आपोआप जात नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ स्पष्ट आहे: हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी करार हवा आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. तुम्ही सही केलेली नाही. मग पहिल्या तीन चित्रांचे हक्क भाच्याकडे आलेच कधी? आणि त्याच्याकडेच नव्हते ते पुढच्याला मिळणार कुठून?

या गैरसमजात भलेभले सापडलेत. २०२१ मध्ये स्पाइस डीएओ नावाच्या क्रिप्टोवाल्या गटाने क्रिस्टीजच्या लिलावात दिग्दर्शक होदोरोव्स्कीच्या न बनलेल्या 'ड्यून' चित्रपटाच्या आराखड्याची प्रत सुमारे २६ लाख ६० हजार युरोंना घेतली आणि त्यावर ॲनिमेशन मालिका काढायच्या गोष्टी सुरू केल्या. हातात आली होती ती फक्त प्रत. मालिका काढायचा हक्क तिच्यासोबत आला नव्हता.

आता चौथं चित्र. इथे मला काळजी वाटते. कलम १७ म्हणतं की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते चित्र काढायला सांगणारा. डिजिटल चित्रालाही हे लागू आहे, असा मुद्दा समोरचा मांडणारच. म्हणून व्हॉट्सॲपवर नेमकं काय ठरलं ते शोधा. 'फक्त भिंतीसाठी' असा एक मेसेज निघाला तरी फार मोठी गोष्ट आहे. आणि ते चित्र मालकाचं ठरलं तरी कलम ५७ तुमच्याकडेच राहतं: चित्रकार म्हणून नाव सांगायचा हक्क, आणि तुमच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड केली तर दाद मागायचा हक्क. हे कलम चित्रकारांना कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाशिकचा_पिक्सेल:
आधी बाजार गाठा. एनएफटी विकणाऱ्या मोठ्या साइट्सवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो. सोबत लेयर्ससकट (चित्राच्या एकावर एक थरांसकट) मूळ फाइल उघडल्याचा स्क्रीनशॉट आणि इन्स्टाच्या पोस्टची तारीख जोडा. लेयर्स चोराकडे नसतात. साइट भारतातली असेल तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे, तक्रारीत तथ्य वाटल्यास ३६ तासांत ते चित्र तिथे दाखवणं बंद करावं लागतं. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू करू शकतात, तेव्हा वकील आधीच बघून ठेवा.

साइटवरची विक्रीची जाहिरात गेली तरी टोकन ब्लॉकचेनवरून पुसलं जात नाही. चीनमध्ये हांगझोच्या इंटरनेट कोर्टापुढे २०२२ मध्ये असंच प्रकरण आलं होतं, लस घेणाऱ्या गुबगुबीत वाघाचं कार्टून. एनएफटी बनवणारा वापरकर्ता होता, पण कोर्टाने जबाबदार धरलं साइटला, कारण विक्रीमागे फी ती घेत होती. ४,००० युआन भरपाई, आणि टोकन कुणालाच उघडता येणार नाही अशा पत्त्यावर पाठवायला लावलं. निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण फी घेणाऱ्याने तपासायलाच हवं हे मला शंभर टक्के पटतं.

मिरजेची_रेषा:
वकीलसाहेब, चॅट सापडलं! मी लिहिलंय, "काका, हे हॉटेलात लावायलाच हं, दुसरीकडे छापायचं झालं तर मला विचारा." त्यावर त्यांनी अंगठ्याचा इमोजी टाकलाय. चौथ्या चित्राच्या ॲडव्हान्सआधीचं आहे. चालेल का?

पेठेतला_वकील:
उत्तम! अंगठ्यावर ते वाद घालतील, पण त्यानंतर त्यांनी ॲडव्हान्स पाठवला हे तुमच्या बाजूचं आहे. ते चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका की फॉरमॅट करू नका. साइटवरची तक्रार आजच, तिन्ही चित्रांची एकत्र. चौथ्याची वेगळी करा, म्हणजे त्याच्या वादात बाकीची अडकणार नाहीत. मालक आणि भाचा, दोघांच्या नावे नोटीस काढू. परदेशातल्या माणसाला सध्या एवढंच कळवा की हक्क तुमचे आहेत आणि पैसे त्याने विकणाऱ्याकडे मागावेत.