विहिरीपासून शेततळ्यापर्यंत चार हजार फूट पाईपलाईन, अडीच इंची पुरेल का तीन इंचीच घ्यावी?

डाळिंबवाला_संगमनेर
राम राम मंडळी. ओढ्याकाठी आमची सामाईक विहीर आहे, तिथून वरच्या माळावर डाळिंबाच्या शेततळ्यात पाणी न्यायचंय. अंतर मोजलं तर १२०० मीटर भरलं, म्हणजे चार हजार फूट धरा. उन्हाळ्यात पाणी ४० फुटांवर जातं आणि शेततळं विहिरीच्या काठापासून साधारण ६० फूट उंचावर आहे. मध्ये एक टेकाड आहे, ते ओलांडून लाईन परत थोडी खाली उतरते न् मग वर चढते. मोटार ५ एचपी घ्यायचं ठरलंय. दुकानदार म्हणतो दोन इंची टाका, स्वस्तात काम होईल. चुलते म्हणतात अडीच. मला वाटतं तीन, पण २०० पाईप लागणार म्हटल्यावर फरकाचा आकडा बघून छातीत धस्स होतं. वाटेत दोन शेजाऱ्यांची रानं आणि एक गावरस्ता पण आहे. ज्यांनी एवढी लांब लाईन केलीय त्यांनी सांगा, पाया पडतो पण थातुरमातुर उत्तर नको.

मोटारवाला_बारामती
दादा, दुकानदाराचं ऐकू नका. मी २२ वर्षं मोटारी काढतोय न् बसवतोय, निम्म्या जळालेल्या मोटारींमागे बारीक पाईपच असतो. हिशोब बघा. तुमची खरी उंची ४० अधिक ६०, म्हणजे १०० फूट. आता यात पाईपच्या आतलं घर्षण मिळवायचं. सेकंदाला ४ लिटर पाणी पाहिजे असं धरलं (तासाला १४,४०० लिटर), तर १२०० मीटरला दोन इंची म्हणजे ६३ एमएम पाईप जवळजवळ १५० फूट हेड (म्हणजे मोटारीला जेवढ्या उंचीइतका जोर लावावा लागतो तो) एकटाच खातो. अडीच इंची, ७५ एमएम, साधारण ६५ फूट. आणि तीन इंची ९० एमएम फक्त २६-२७ फूट. म्हणजे एकूण हेड दोन इंचीला २५०, अडीचला १६५, तीनला १२७ च्या आसपास. ५ एचपीची मोटार अडीच इंचीवर कशीबशी ४ लिटर ढकलेल, तेही व्होल्टेज नीट असेल तर, आणि आपल्याकडचं रात्रीचं व्होल्टेज तुम्हाला माहितीच आहे. दोन इंचीवर एवढं पाणी नकोच धरायला, त्याला साडेसात-आठ एचपी लागेल. तीन इंचीला तीच मोटार आरामात चालेल.
आठ तास लाईट मिळाली तर सव्वा लाखाच्या आतबाहेर लिटर शेततळ्यात पडतील. पाईपचे पैसे एकदाच जातात, बाकी तुम्ही ठरवा. आणि मोटार घेताना नुसती एचपी विचारू नका, १३० फूट हेडला किती पाणी देते ते तक्त्यात बघून घ्या, एचपी तीच असली तरी पंपापंपात फरक असतो.

डाळिंबवाला_संगमनेर
बाप रे, दुकानदाराने हे काहीच नाही सांगितलं. मग तीनच घेतो. पण ४ किलो, ६ किलो, १० किलो असे भाव सांगतोय ते काय? आणि काळा पाईप चांगला का पांढरा?

कृष्णाकाठ
किलो म्हणजे किती दाब सोसतो ते. ६ किलो म्हणजे ढोबळ २०० फूट उंचीचा दाब. तुमच्या लाईनला ६ किलो पुरेल, ४ किलोच्या नादाला लागू नका. पण विहिरीजवळचे पहिले २५-३० नग १० किलोचे घ्या, कारण लाईट गेली की अख्खी लाईनभर चाललेलं पाणी एकदम थांबतं न् उलटं येऊन नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी मागं जाऊ न देणारी झडप) आपटतं. तीन इंची १२०० मीटर लाईनीत साडेसहा हजार लिटर पाणी बसतं, म्हणजे साडेसहा टन वजन हो. आमच्याकडे कृष्णेवरून तीन-तीन किलोमीटर लाईनी आहेत, रात्री लाईट गेली की धाड करून आवाज यायचा आणि सकाळी रानात कारंजं. पहिल्या वर्षी चार वेळा जॉइंट निसटला.
टेकाडावर एअर व्हॉल्व्ह न विसरता टाका. हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते आणि पाणी अर्ध्यावर येतं, मग माणूस मोटारीला शिव्या घालतो. लाईन रिकामी होते तेव्हा तोच व्हॉल्व्ह हवा आत घेतो, नाहीतर पाईप आतून ओढला जातो. टेकाडाच्या पलीकडं जिथं लाईन खाली उतरते तिथल्या खोलगटात गाळ काढायला वॉशआउट ठेवा, टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक व्हॉल्व्ह, बस.
काळा एचडीपीई उन्हात बाहेर टाकायचा असेल, खडकावरून न्यायचा असेल तर बरा, जॉइंट हिटरने वितळवून होतात, निसटत नाहीत. पण त्याची भिंत जाड, म्हणजे बाहेरून ९० म्हटलं तरी आतलं भोक पांढऱ्यापेक्षा बारीक. पुरायची आहे तर पांढरा पीव्हीसीच घ्या.

मोटारवाला_बारामती
कृष्णाकाठ, एअर व्हॉल्व्हचं लाख बोललात. एकच जोडतो, पाईप चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर निदान एक दिवस तरी पाणी सोडू नका, लोकांना घाई असते न् मग मला फोन.

मळ्यातली_ताई
भाऊ, पाईपचं ठरलं पण शेजाऱ्यांचं काय? तोंडी परवानगीवर जाऊ नका. आमच्या सासऱ्यांनी तोंडी घेतलेली, ते शेजारी गेले, मुलांनी वाटण्या केल्या आणि धाकट्यानं लाईन बंद करा म्हणून वाद घातला, ऐन भरात असलेली मोसंबी तीन आठवडे वाळली. ५०० च्या स्टॅम्पवर संमतीपत्र घ्या, गट नंबर, कुठून कुठे आणि दुरुस्तीला आत येता येईल हे स्पष्ट लिहा. कोणी अडवलंच तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, दुसऱ्याच्या रानातून पाट किंवा पाईप न्यायला परवानगी मिळते. त्यात पाईप निदान अर्धा मीटर खोल असला पाहिजे असं आहे. पण अर्धा मीटर कशाला, तीन फूट जा, नांगर आणि ऊसाच्या ट्रॉल्या दोन्हीतून वाचतं. रस्त्याखालून जाताना ग्रामपंचायतीला अर्ज द्या आणि तिथं पाईप मोठ्या सिमेंटच्या नळीतून घाला.
अनुदान घ्यायचं असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आधी अर्ज, पूर्वसंमती आल्यावरच खरेदी. आधीचं बिल चालत नाही, आम्ही तिथंच फसलो.

डाळिंबवाला_संगमनेर
ताई, शेजारचे काका आमच्या आजोबांचे दोस्त, स्टॅम्प काढला तर वाईट वाटेल असं घरचे म्हणतात.

मळ्यातली_ताई
आमच्याकडेही हेच म्हणत होते.

कृष्णाकाठ
चारीचं पण ऐका. काळ्या रानात जेसीबी पटापट चालतो, मुरूम लागला की वेग पडतो, आणि खडक निघाला तर ब्रेकरचे तासावर पैसे मोजावे लागतात, त्यामुळे ठेका फुटावर ठरवताना खडकाचं आधीच बोला. तळाला दगड राहू देऊ नका, बारीक माती टाकून त्यावर पाईप ठेवा. आणि भर उन्हात जोडलेला पाईप रात्री आखडतो, १२०० मीटर लाईनीला २० अंशाचा फरक पडला तर दीड मीटरच्या वर आखडायला बघते, म्हणून चारीत सरळ ताणून ठेवू नका, जरा नागमोडी ठेवा न् सकाळी थंड असतानाच बुजवायला घ्या. जॉइंट उघडे ठेवून बाकी पाईपावर माती टाका, मोटार दोन-तीन तास चालवा, एकही ठिपका दिसला नाही तर मग पूर्ण बुजवा.

मोटारवाला_बारामती
आणि बुजवायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढा, बांधापासून किती फूट, टी कुठं, व्हॉल्व्ह कुठं, सगळं लिहून ठेवा. आमच्या मळ्यात मी स्वतः ठेवलेला एक टी आहे, दहा वर्षं झाली, तीन ठिकाणी खणून बघितलं, अजून सापडलेला नाही.