मदत हवी आहे: गावच्या घरामुळे इंग्लंडमधल्या मावशीचा हाउसिंग बेनिफिट बंद झालाय

नमस्कार. इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या (म्हणजे तिथल्या पालिकेच्या) बेनिफिट विभागाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांच्याकडून मदत हवी आहे. थोडं लांबलचक लिहितेय, पण तपशिलाशिवाय गुंता कळणार नाही.

माझी मावशी ७३ वर्षांची आहे. काका जाऊन नऊ वर्षं झाली. मिडलँड्समधल्या एका शहरात भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. उभं आयुष्य शिवणाच्या कारखान्यात गेलं. स्टेट पेन्शन आणि कारखान्याची थोडीशी पेन्शन मिळून ती पेन्शन क्रेडिटच्या (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकार देतं ती मदत) मर्यादेच्या जेमतेम वर जाते, म्हणून ते मिळत नाही. पण भाड्यासाठी आठवड्याला ७४ पौंड हाउसिंग बेनिफिट मिळत होता. नोकरीच्या वयातले नवे अर्जदार आता बहुतेक युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित सरकारी मदतीकडे जातात, पेन्शनच्या वयाच्या भाडेकरूंना मात्र अजून हाच बेनिफिट आहे. पैसा केंद्र सरकारचा, पण अर्ज, तपासणी आणि निर्णय सगळं काउन्सिलच्या हातात.

जानेवारीत फेरतपासणीचा फॉर्म आला. त्यात परदेशात काही मालमत्ता आहे का, असा प्रश्न होता. मावशीने खरं ते लिहिलं: सातारा जिल्ह्यात वडिलांचं घर, किंमत अंदाजे ६० लाख रुपये. हे घर तिच्या एकटीचं नाही. आजोबांच्या मागे वारसनोंद झाली तेव्हा मामा, दोन्ही मावश्या आणि माझी आई अशी चौघांची नावं लागली. आई गेल्यावर तिच्या जागी माझं. तिथे राहतो फक्त मामा. तो ७६ वर्षांचा आहे. मावशीला त्या घरातून आजवर एक रुपया मिळालेला नाही, तिने मागितलाही नाही.

४ मार्चच्या तारखेची पाच पत्रं एकाच पाकिटात आली, तीही १३ तारखेला. पाचही पत्रांत आकडे वेगवेगळे. शेवटच्या पत्रात लिहिलंय की परदेशी मालमत्ता ५२,००० पौंड, भांडवलाची (बचत आणि मालमत्ता मिळून) मर्यादा १६,००० पौंड, म्हणून बेनिफिट बंद. शिवाय गेल्या तीन वर्षांत दिलेले ११,५४४ पौंड परत करा. तिची स्वतःची शिल्लक ५,८०० पौंड आहे, त्यातले काही अंत्यविधीसाठी म्हणून वेगळे ठेवलेले.

फोन केला तर पन्नास मिनिटं ताटकळत ठेवलं. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, ‘पटत नसेल तर वेबसाइटवर तक्रार नोंदवा.’ ती नोंदवली. मग घराचे कागद पाठवा म्हणाले. मी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा अपलोड केला. आठ दिवसांनी उत्तर, की कागद मिळाला नाही. पुन्हा पाठवला. आता म्हणतात, भाषा वाचता येत नाही. आज २४ तारीख. मावशीने तीन दिवस हीटर लावलेला नाही, मला न सांगता. काल गेले तेव्हा अंगावर शाल, त्यावर काकांचा कोट, आणि टेबलावर ती पाच पत्रं तारखेनुसार लावून ठेवलेली. सगळ्यांवर तारीख एकच, तरीही.

माझे प्रश्न:
चौघांचं घर तिच्या एकटीच्या नावावर कसं धरता येईल?
तक्रार केलीय तेवढी पुरेशी आहे का?
मामा म्हणतोय, ‘ताबडतोब हक्कसोडपत्र करून टाकू, कटकटच नको.’ करावं का?

प्रतिसाद १
ताई, हक्कसोडपत्र अजिबात करू नका! माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत असंच सुचवलं होतं आणि वकिलाने वेळीच थांबवलं. बेनिफिट मिळावा म्हणून मालमत्ता मुद्दाम सोडली असा अर्थ काउन्सिल काढू शकते. मग हिस्सा हातातून जातो आणि त्यांच्या हिशेबात मात्र तो तिच्याकडेच राहतो.

प्रतिसाद २
मी बरीच वर्षं एका सल्लाकेंद्रात हेच काम केलं आहे. सगळ्यात आधी तारीख बघा. तक्रार आणि अपील या दोन वेगळ्या वाटा आहेत. निर्णय चुकला असेल तर अपील. उशीर, हरवलेले कागद, चुकीचा सल्ला यांसाठी तक्रार. तक्रार नोंदवल्याने अपिलाची मुदत थांबत नाही, आणि ती पत्रावरच्या तारखेपासून एक महिना असते. म्हणजे तुमच्याकडे दहा-अकरा दिवसच आहेत. फोनवर हे सांगायला हवं होतं. ते सांगत नाहीत याचा मला आजही संताप येतो, कारण यातच माणसं बुडतात.

अपील लेखी करायचं, मावशींच्या सहीने, आणि काउन्सिलकडेच द्यायचं. त्यांनी निर्णय बदलला नाही तर ते स्वतंत्र ट्रिब्युनलकडे (अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. फी नाही. अपील चालू असेपर्यंत वसुली थांबवा, अशी मागणी त्याच पत्रात करा.

आता मुद्दा. एकत्र मालकीत फक्त तिचा हिस्सा धरतात आणि त्यातून विक्रीच्या खर्चापोटी दहा टक्के वजा होतात. पण एवढ्यावर थांबलात तर हराल. ५२,००० चा चौथा हिस्सा १३,०००, दहा टक्के काढले की ११,७००, त्यात शिल्लक ५,८००. झाले १७,५००. मर्यादेच्या वरच. खरं हत्यार तुमच्या पोस्टमध्येच आहे आणि तुमचं तिकडे लक्ष गेलेलं नाही: घरात मामा राहतात. पेन्शनच्या वयाचा जवळचा नातेवाईक ज्या घरात स्वतःचं घर म्हणून राहतो, ते घर भांडवलात धरायचंच नसतं. भाऊ जवळच्या नातेवाइकांत येतो. मामांच्या वयाचा दाखला, लाईट बिल आणि ते तिथेच राहतात याचा कागद जोडा. मग उरते फक्त शिल्लक. पेन्शनच्या वयाच्या अर्जदाराचे पहिले १०,००० पौंड सोडून देतात, त्यामुळे तिचा प्रश्नच येत नाही.

तक्रारही चालू ठेवा. काउन्सिलचं शेवटचं उत्तर समाधानकारक नसेल तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे) जाता येतं. आणि कृपा करून त्यांना हीटर लावायला सांगा.

प्रतिसाद ३
मावशींनी पहिल्या अर्जाच्या वेळी घराचं सांगितलं होतं का? काउन्सिलकडे तिच्याबद्दल जी माहिती आहे तिची प्रत मागा. फुकट असते आणि साधारण महिन्यात द्यावी लागते. तेव्हाच सांगितल्याची नोंद निघाली तर अपिलात उपयोग होईल.

मूळ लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ मी मावशीला फोनवर दोनदा वाचून दाखवला. ती म्हणते, पहिला फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलाला घराचं सांगितलं होतं आणि तो ‘ते इंडियातलं, इथे लिहायची गरज नाही’ असं म्हणाला होता. नोंद असेल का देव जाणे, पण माहिती मागवलीय.

आज सकाळी आम्ही दोघी काउन्सिलच्या कार्यालयात गेलो. अपिलाचं पत्र हातात दिलं आणि पोचेचा शिक्का मिळेपर्यंत हललो नाही. मामाने शाळा सोडल्याचा दाखला आणि लाईट बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. नमुना ८ पुन्हा नीट पाहिला. मालकाच्या रकान्यात चौघांची नावं आहेत आणि शेजारी भोगवटा करणाऱ्याच्या रकान्यात एकट्या मामाचं. इतके दिवस तो कागद माझ्या फोनमध्ये होता आणि मी तो रकाना वाचलाच नव्हता.

आता त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर शुक्रवारपर्यंत हवं आहे. इथे गुजराती आणि पंजाबीचे अनुवादक लगेच मिळाले, मराठीचा एकही नाही. कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया मला निरोप पाठवा.