‘रॅप म्हणणे’ आणि ‘रॉक गाणे’ : क्रियापदावरून कलेची प्रत ठरते का?

चर्चाप्रस्ताव

कोल्हापुरातील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत हल्ली रॅप आणि रॉक हे दोन्ही प्रकार एकाच रंगमंचावर सादर होतात आणि कार्यक्रमानंतरच्या वादात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘रॉक गातात, रॅप नुसते म्हणतात.’ बोलणाऱ्याचा रोख असा असतो की, जे म्हटले जाते ते गाणे नव्हे आणि जे गाणे नव्हे त्याला संगीतकलेत स्थान देऊ नये. मी मराठी शिकवते. रॅपवर माझे प्रेम आहे आणि रॉकबद्दल मला आदर आहे. परंतु येथे मला प्रथम या दोन क्रियापदांचा विचार करायचा आहे, कारण सगळा निवाडा त्यांच्या खांद्यावर ठेवलेला दिसतो.

‘एक गाणे म्हण’ असे आपण लहान मुलाला सहज सांगतो. आरती म्हणतात, अभंग म्हणतात, जात्यावरची ओवी म्हणतात, पाळणा म्हणतात आणि लग्नात मंगलाष्टके म्हणतात. या प्रत्येकाला चाल असते, तरी ‘म्हणणे’ वापरल्यामुळे त्यातील संगीत कमी झाले असे कोणाला वाटत नाही. उलट ‘आलाप म्हटला’ किंवा ‘तान म्हटली’ असे मात्र कोणी बोलत नाही. आलाप करतात, तान घेतात आणि राग गातात किंवा आळवतात. म्हणजे ज्या रचनेचा प्राण तिच्या शब्दांत आहे तिच्याजवळ ‘म्हणणे’ सहज येते, जिचा प्राण स्वरात आहे तिच्याजवळ येत नाही, आणि मधला बराच मोठा प्रदेश दोन्ही क्रियापदांना सामाईक आहे. या दृष्टीने ‘रॅप म्हणणे’ हा प्रयोग मला अचूक वाटतो. चुकीचा आहे तो त्याच्या आधी जोडला जाणारा ‘नुसते’ हा शब्द.

मूळ इंग्रजी शब्दांकडे पाहिले तरी या भेदाला आधार मिळत नाही. ‘रॅप’ या शब्दाचा जुना अर्थ चटकन केलेला आघात, दारावरची टकटक असा आहे. पुढे त्याला बोलण्याचा अर्थ चिकटला आणि १९६० च्या दशकात आफ्रिकी-अमेरिकी समाजाच्या बोलीत तो चांगलाच रुळला. ‘रिदम अँड पोएट्री’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘रॅप’ तयार झाला, असे अनेक मराठी लेखांत वाचायला मिळते. ती मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती आहे आणि आपण तरी ती पुढे पाठवू नये. ‘रॉक’ म्हणजे डोलणे, हेलकावे घेणे. ‘रॉक अँड रोल’ हे नाव क्लीव्हलंडमधील नभोवाणी निवेदक ॲलन फ्रीड यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी लोकप्रिय केले. एक नाव आघाताचे आणि बोलण्याचे, दुसरे अंगाच्या हालचालीचे. ‘गायन’ हा अर्थ दोन्हींत नाही.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. ‘रॉक हे संगीत आणि रॅप हे शब्द’ अशी वाटणी खरी मानली, तर गेल्या दशकातील दोन मोठे सन्मान नेमके उलट्या दारांनी गेले. २०१६ मध्ये लोकसंगीत आणि रॉक यांच्या परंपरेतील बॉब डिलन यांना साहित्याचा नोबेल पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये केंड्रिक लमार या रॅपरला संगीताचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. अभिजात आणि जॅझ या परंपरांबाहेरच्या कलावंताला तो प्रथमच दिला गेला. पुरस्कारांनी कलेची किंमत ठरत नाही हे मला मान्य आहे. तरीही ती वाटणी किती ठिसूळ आहे, हे यातून दिसते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे रॅपमधील कारागिरी नेमकी कोठे असते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका समारंभात डीजे कूल हर्क यांनी जे केले, तेथून हिप-हॉपचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. गाण्यात गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजतात तेवढाच तुकडा, एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर फिरवून, ते लांबवत असत. त्या लांबलेल्या ठेक्यावर बोलणे हाच रॅपचा पाया आहे. ठेक्याच्या एका आवर्तनात चार आघात धरले आणि प्रत्येकाचे चार भाग केले, तर शब्दांसाठी सोळा घरे मिळतात. मिनिटाला नव्वद आघातांच्या गतीत हे आवर्तन पावणेतीन सेकंदही टिकत नाही. एवढ्या वेळात कोणते अक्षर कोणत्या घरात बसवायचे, कोणते घर रिकामे ठेवायचे, यमक आवर्तनाच्या शेवटी आणायचे की मधेच पेरायचे, हे सर्व निर्णय घ्यावे लागतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राकिम या अमेरिकी रॅपरने ओळीच्या पोटात यमके गुंफण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यामुळे हे काम अधिकच सूक्ष्म झाले. स्वरांची चढउतार बहुतांशी बाजूला ठेवल्यामुळे येथे आडोसा उरत नाही. शब्द सैल पडला तर सुरेल आवाज त्याला सांभाळून घेत नाही.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातील तुकडा घेऊन त्यावर रचना करणे, ज्याला सॅम्पलिंग म्हणतात, त्यालाही आपल्याकडे ‘उचलेगिरी’ हा शब्द सर्रास लावला जातो. संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडून पाहावीत. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून ते कोणत्या आधीच्या गाण्यावर बेतले आहे, याचा उल्लेख केलेला असतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून, म्हणजे १८८० पासून, रसिकांनी या पद्धतीला उचल मानले नाही. जुन्या चालीत नवे शब्द कसे बसवले, यालाच दाद दिली. तेव्हा ‘उचलेगिरी’ हा शब्द परवानगी न घेता किंवा नामनिर्देश न करता केलेल्या वापरासाठी राखावा, तंत्रासाठी नव्हे.

सदस्यांना विनंती अशी की, ‘फ्लो’ (रॅपरची ठेक्यावर शब्द टाकण्याची रीत) आणि ‘रिफ’ (रॉकमध्ये गिटारवर पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट) या दोन संज्ञांसाठी मराठीत आधीपासून वापरात असलेले शब्द सुचवावेत आणि माझ्या विवेचनाशी मतभेद असल्यास तेही सांगावेत.

प्रतिसाद : शिवाजी पेठेतील एक गिटारवादक

ताई, ‘म्हणणे’विषयी आपण लिहिलेले पटले. मात्र रॉकविषयी आदर आहे असे म्हणून आपण त्याच्या कलेबद्दल जवळजवळ काहीच लिहिले नाही, म्हणून ती बाजू मी मांडतो.

रॉकला आपल्याकडे ‘गोंगाट’ म्हणतात आणि गणपतीच्या मिरवणुकीतील डॉल्बीशी त्याची तुलना करतात. गोंगाटात आवाज एकमेकांत मिसळून अर्थहीन होतात. रॉकमधील फाटलेला गिटारध्वनी मात्र विचारपूर्वक घडवलेला असतो. ध्वनिवर्धकावर त्याच्या क्षमतेपलीकडे भार टाकला की स्वराच्या लाटेची शिखरे कापली जातात आणि मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर उमटतात. अशा ध्वनीत तीन-चार स्वरांचा पूर्ण मेळ वाजवला तर तो गढूळ होतो, म्हणून वादक बहुधा गंधार गाळून केवळ षड्ज आणि पंचम वाजवतात. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार नसल्यामुळे तो ना शुद्ध गंधाराच्या प्रसन्नतेकडे झुकतो, ना कोमल गंधाराच्या विषादाकडे. तंबोऱ्याच्या तारा षड्ज-पंचमात जुळवलेल्या ऐकत वाढलेल्या, देवल क्लबसारखी १८८३ पासूनची संगीतसंस्था असलेल्या या गावातील कानांना हा ध्वनी परका वाटण्याचे कारण नाही.

‘रिफ’साठी ‘लहरा’ हा शब्द विचारात घ्यावा. तबल्याच्या एकल वादनात सारंगी किंवा संवादिनी एक लहानशी सुरावट आवर्तनभर फिरवत राहते, तिला लहरा किंवा नगमा म्हणतात. पुनरावृत्ती दोन्हींत आहे. फरक असा की लहरा आधार देतो आणि रिफ स्वतःच रचनेचा चेहरा असतो.

शब्दांवाचून आशय सांगण्याची ताकद हा रॉकचा मोठा गुण आहे, असे मी ठामपणे म्हणेन. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक येथे जिमी हेंड्रिक्स यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर वाजवले आणि व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात सुरावटीच्या मधेमधे बॉम्ब कोसळल्यासारखे, किंचाळल्यासारखे ध्वनी काढले. त्यात एकही शब्द नव्हता, आणि तरीही त्या वादनात युद्ध ऐकू येते, असे असंख्य श्रोत्यांना वाटले. रॅपला हे साधणार नाही, कारण शब्द हेच त्याचे साधन आहे.

प्रतिसाद : मंगळवार पेठेतील एक शाहिरीप्रेमी

माझे वय सत्तरीपुढचे आहे, तरी नातवंडांमुळे रॅप कानावर येते आणि त्यातील काही आवडतेही. ताईंनी लिहिले नाही, पण बाकी बरेच जण लिहितात की, ‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच’. त्याला माझी हरकत आहे. कोल्हापूरचे शाहीर पिराजीराव सरनाईक यांचा पोवाडा ज्यांनी समोर बसून ऐकला, त्यांना हे समीकरण घाईचे वाटेल.

पोवाडा कथा सांगतो. शाहीर प्रसंग उभा करतो, वीराचे नाव घेतो आणि स्वतः बाजूला राहतो. फार तर शेवटी आपले व गुरूचे नाव गुंफतो. रॅपमध्ये ‘मी’ मध्यभागी असतो : माझी गल्ली, माझी गरिबी, माझा अपमान, माझे कसब. दोन्ही भूमिकांना प्रतिष्ठा आहे, पण त्या एक नव्हेत. पोवाड्याला सुराची पट्टी, डफ आणि तुणतुणे लागते आणि वरच्या पट्टीत शब्द टाकणारा गळा लागतो.

साम्य शोधायचेच असेल तर ते कलगी-तुऱ्यात शोधावे. शक्तीला श्रेष्ठ मानणारा कलगीचा फड आणि शिवाला श्रेष्ठ मानणारा तुऱ्याचा फड समोरासमोर येऊन कवनांतून सवाल टाकत आणि जबाब देत. प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यासाठी जागच्या जागी रचना करण्याची तयारी तेथे लागे. रॅपमधील समोरासमोरच्या लढती याच जातीच्या आहेत. तसेच मुख्य रॅपरच्या ओळीचे शेवटचे शब्द उचलून धरणारा जो साथीदार असतो, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : झीलकरी. ‘जी जी रं जी’ म्हणत शाहिराला दम घ्यायला अवकाश देणारा आणि श्रोत्यांना जागे ठेवणारा हाच तो माणूस.

‘फ्लो’साठी मी ‘लयकारी’ सुचवतो.

प्रस्तावकर्तीचे उत्तर

काका, पोवाड्यासंबंधीची आपली हरकत मी पूर्णपणे स्वीकारते आणि ‘झीलकरी’बद्दल आपले विशेष आभार मानते, हा शब्द मी वर्गात वापरणार आहे. दादा, पॉवर कॉर्डविषयी आपण दिलेले स्पष्टीकरण फार उपयुक्त आहे. ‘रॅपला शब्दांवाचून साधणार नाही’ हे मात्र मला अर्धेच मान्य आहे, कारण रॅपच्या मागे वाजणारा ठेका आणि सॅम्पलमधून रचलेले ध्वनिचित्र हाही त्या कलेचाच भाग आहे. शिवाय हे दोन प्रकार एकमेकांचे वैरीही नाहीत. १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाने एरोस्मिथ या रॉक गटाच्या १९७५ च्या गाण्यावर, त्याच गटाच्या गायक-गिटारवादकांना सोबत घेऊन, केलेली रचना अत्यंत लोकप्रिय झाली. आपण ज्याला लहरा म्हणालात त्याच रिफवर तेथे शब्द म्हटलेले आहेत.

‘फ्लो’बाबत माझे मत थोडे वेगळे आहे. ‘लयकारी’ म्हटले की दुगुण, तिगुण, आड अशी लयीची गणिती विभागणी डोळ्यांपुढे येते. ख्यालगायनातील ‘बोलबांट’, म्हणजे बंदिशीचे शब्द लयीत वाटून टाकणे, ही संज्ञा अधिक जवळची आहे, परंतु ती फारच थोड्यांना ठाऊक असते. नाटकाच्या समीक्षेतील ‘शब्दफेक’ हा शब्द सर्वांना कळतो. त्यात उच्चार, वजन, विराम आणि रोख यांचा समावेश होतो. तालाशी असलेला संबंध त्यात स्पष्ट नाही, ही त्याची उणीव आहे, म्हणून ‘तालातील शब्दफेक’ असे लिहावे आणि सरावाने ‘तालातील’ हा शब्द गळून पडू द्यावा.

शब्दफेकीचा विचार करताना मराठी रॅपविषयी माझी जी खरी चिंता आहे तीही सांगते. इंग्रजीत शब्दातील एका अवयवावर बलाघात असतो आणि तो ठेक्याच्या आघाताशी जुळवला की ओळ ठसते. मराठीत असा अर्थभेदक बलाघात नाही; आपल्या पद्याचा पाया लघु-गुरूंवर आणि मात्रांवर आहे. राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात आवर्तनांनुसार जातिरचनांची, म्हणजे मात्रा मोजून रचलेल्या पद्यांची, जी मांडणी केली, तिच्यात आठ मात्रांच्या आवर्तनाला ‘पद्मावर्तनी’ म्हटले आहे. याच विषयावरील कार्यासाठी त्यांना १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. आठ मात्रांचे हे आवर्तन रॅपच्या चार आघातांत बिनतक्रार बसते, प्रत्येक आघाताला दोन मात्रा येतात. आमची मुले मात्र इंग्रजी किंवा हिंदी रॅपचा साचा आधी ऐकतात आणि मग त्यात मराठी अक्षरे कोंबतात, त्यामुळे ऱ्हस्व अक्षरे विनाकारण ताणली जातात आणि दीर्घ अक्षरे चिरडली जातात.

यमकाचेही तसेच. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे ‘करतो’शी ‘फिरतो’ आणि ‘आला’शी ‘गेला’ फुकट जुळते. प्रत्ययांची ही जुळणी पाच-सहा ओळींतच कंटाळवाणी होते. क्रियापद ओळीच्या मध्ये सरकवून शेवटाला नाम किंवा विशेषण आणले, तर यमकाला वजन येते. अठराव्या शतकात मोरोपंतांनी आर्येत आणि अमृतरायांनी कटाव या जलद लयीच्या पद्यप्रकारात यमक-अनुप्रासांचे जे प्रयोग केले, ते रॅप रचू इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाने मोठ्याने म्हणून पाहावेत. उदाहरणादाखल आपल्या गावातलीच एक जोडी देते : ‘रंकाळा’ आणि ‘रंग काळा’. बोलताना ‘रंग’मधील शेवटचा अकार गळतो आणि दोन्हींचे उच्चार जवळजवळ एकरूप होतात, अर्थ मात्र पूर्ण निराळे राहतात.

या जोडीवर, पद्मावर्तनीच्या आठ मात्रांत आणि क्रियापद शेवटी न आणता, सदस्यांनी चार ओळी रचून येथे द्याव्यात. दादांनी त्यांच्यासाठी एखादा लहरा बसवला, तर दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच रचनेत ऐकता येईल.